जे.पी. मॉर्गनचा आठवडा आणि एकटा गुंतवणूकदार: बायोटेक परिषदेला जायचं ते नावं खोडायला

दर जानेवारीत, साधारण दुसऱ्या आठवड्यात, सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरभोवती सोमवार ते गुरुवार सुटाबुटातल्या माणसांची झुंबड उडते. वेस्टिन सेंट फ्रान्सिस हॉटेलात जे.पी. मॉर्गनची हेल्थकेअर परिषद भरलेली असते. ही परिषद १९८३ मध्ये हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्ट या तिथल्याच गुंतवणूक बँकेने सुरू केली. पुढे ती बँक चेसने विकत घेतली, चेस आणि जे.पी. मॉर्गन एक झाले आणि परिषदेला आजचं नाव मिळालं. ती याच गावात रुजली, त्यालाही कारण आहे. १९७६ साली जेनेनटेक ही बायोटेक (जैवतंत्रज्ञानाने औषधं बनवणारी) कंपनी इथेच जन्मली. ऑक्टोबर १९८० मध्ये तिचा शेअर ३५ डॉलरला विक्रीला आला, तासाभरात ८८ डॉलरपर्यंत गेला आणि ७१ च्या आसपास बंद झाला. ती विक्री करणाऱ्या बँकांमध्ये हॅम्ब्रेक्ट अँड क्विस्टही होती.

बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरांमध्ये या आठवड्याबद्दल बरंच कुतूहल असतं. कुणाची बायको साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेत असते, कुणाचा मित्र क्लिनिकल डेटावर काम करतो, आणि स्वतःच्या पैशाने थोडे बायोटेक शेअर घेतलेले बरेच जण भेटतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: “आपल्याला आत जाता येतं का?” दुसरा तितकाच ठरलेला: “तिथे काही आतली टिप मिळते का?” दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. तरीही हा आठवडा एकट्या गुंतवणूकदाराच्या कामाचा आहे. फक्त तिथे कोणता शेअर घ्यावा हे शोधायला जाऊ नका. यादीतली कोणती नावं खोडावीत, हे ठरवायला जा.

खोडणं महत्त्वाचं का, ते आकड्यांवरून कळतं. २०११ ते २०२० या काळातल्या औषधचाचण्यांचा जो मोठा उद्योग-अभ्यास झाला, त्यात माणसांवरच्या चाचण्यांच्या तीन टप्प्यांपैकी पहिल्यात शिरलेल्या औषधांपैकी जेमतेम ७.९ टक्के औषधांना अमेरिकेत मंजुरी मिळेल, असं गणित निघालं. सगळ्यात जास्त पडझड दुसऱ्या टप्प्यात होते. तिथून पुढे सरकतात फक्त २८.९ टक्के. तिसऱ्या टप्प्यातून ५७.८ टक्के पार होतात. आता स्टेजवर ओळीने शंभर कंपन्या उभ्या आहेत आणि प्रत्येकीचा प्रमुख आपलंच औषध जिंकणार असं सांगतो आहे, असं चित्र डोळ्यांसमोर आणा. यातल्या बहुतेकांना होकार देणं चुकीचं ठरणार आहे.

आत शिरायचे दरवाजे

मुख्य परिषद फक्त निमंत्रितांसाठी असते. निमंत्रण बँकेच्या ग्राहकांना आणि कंपन्यांना जातं, किरकोळ भागधारकाला नाही. याचं वाईट वाटून घेऊ नका. नोंदणीकृत कंपन्यांची बरीच सादरीकरणं त्यांच्याच संकेतस्थळांवर, गुंतवणूकदारांच्या पानावर थेट दाखवतात आणि काही काळ रेकॉर्डिंगही ठेवतात. नाव आणि ईमेल दिलं की झालं. पुण्या-ठाण्यात बसून पाहणाऱ्यांसाठी हिशेब सोपा आहे: जानेवारीत कॅलिफोर्नियापेक्षा भारत साडेतेरा तास पुढे असतो, म्हणजे तिथली सकाळी साडेसातची सभा इथे रात्री नऊला.

याला कायद्याचंही बळ आहे. ऑक्टोबर २००० पासून अमेरिकेत ‘रेग्युलेशन फेअर डिस्क्लोजर’ लागू आहे. शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशी माहिती कंपनीने निवडक मोठ्या गुंतवणूकदारांना आधी सांगून चालत नाही, ती सगळ्यांना एकदमच द्यावी लागते. त्याआधी बंद खोलीतल्या बैठकांना खरीच किंमत होती. आजही बंद खोल्यांमध्ये मोठ्या फंडांना प्रमुखांचा वेळ मिळतो, प्रश्नावर प्रश्न विचारता येतात, हा फरक आहेच. पण स्लाइडवरचा आकडा तुम्हाला आणि त्यांना एकाच वेळी दिसतो.

प्रत्यक्षच जायचं असेल तर त्याच आठवड्यात आजूबाजूला भरणारे कार्यक्रम पाहा. त्यात बायोटेक शोकेस सगळ्यात परिचित. तिथे पैसे भरून नोंदणी होते, पण शुल्क एका माणसाच्या खिशाला चांगलंच जड जातं. पात्र गुंतवणूकदारांना सवलत मिळते का, हे अर्ज करण्याआधी नीट वाचा आणि स्वतःला फंड म्हणवून घेऊ नका. २०२५ पर्यंत फेब्रुवारीत न्यूयॉर्कमध्ये बायो सीईओ अँड इन्व्हेस्टर परिषद भरायची. ती आटोपशीर होती, त्यामुळे सभागृहाबाहेर गाठ पडण्याची शक्यता जास्त असायची.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा पैसे खर्च करायचेच असतील तर ते गुंतवणूकदार परिषदेवर न करता वैद्यकीय परिषदेवर करा. कर्करोगासाठी शिकागोत मे-जूनमध्ये भरणारी एएससीओ, रक्ताच्या आजारांसाठी डिसेंबरमधली एएसएच. तिथे पोस्टरशेजारी स्वतः संशोधक उभा असतो आणि त्याला प्रश्न विचारणारे डॉक्टर त्याची भीड ठेवत नाहीत. नुसतं शेजारी उभं राहून ऐकलं तरी कंपनीच्या स्लाइडवर नसलेल्या शंका कळतात. या परिषदांचे बरेचसे गोषवारे आधीच जाहीर होतात, त्यामुळे काय वाचून जायचं हेही ठरवता येतं.

घरचा अभ्यास: खरं काम इथेच

जायच्या तीन-चार आठवडे आधी सहा-सात कंपन्या निवडा, जास्त नाही. प्रत्येकीसाठी एक पान करा आणि त्यावर तीन गोष्टी लिहा.

पहिली, पैसा किती दिवस पुरेल. जानेवारीत हाताशी असलेला बहुतेक कंपन्यांचा शेवटचा अहवाल म्हणजे सप्टेंबरअखेरचा दहा-क्यू, अर्थात तिमाही अहवाल. त्यातली रोख तीन महिन्यांहून जुनी असते, हे आधी लक्षात घ्या. दुसरा खड्डा असा की रोकड प्रवाहाचं पत्रक वर्षाच्या सुरुवातीपासून बेरीज करत येतं. म्हणजे तिसऱ्या तिमाहीच्या अहवालात तो आकडा नऊ महिन्यांचा असतो. त्याला तीनने भागा, मगच तिमाहीचा खर्च निघतो. समजा रोख आणि रोखे मिळून १८ कोटी डॉलर आहेत आणि नऊ महिन्यांत कामकाजावर ९ कोटी गेले. म्हणजे तिमाहीला ३ कोटी, पैसा सहा तिमाही पुरेल, आणि त्यातली एक तर जानेवारी उजाडेपर्यंत संपलीही. आता त्या कंपनीचा तिसऱ्या टप्प्याचा निकाल वीस महिन्यांनी येणार असेल, तर निकालाआधी ती नवे शेअर विकणार हे जवळजवळ ठरलेलंच आहे. शिवाय चाचणी पुढे सरकते तसा खर्च वाढतो, कमी होत नाही.

शेअरची संख्याही स्वतः मोजा. बाजारभावाची संकेतस्थळं पुष्कळदा ‘प्री-फंडेड वॉरंट’ धरतच नाहीत. ते जवळजवळ शेअरच असतात, फक्त अजून बदलून घेतलेले नसतात. अहवालाच्या पहिल्या पानावरची संख्या आणि टिपांमधले वॉरंट मिळवले की कंपनी दिसते त्यापेक्षा दीडपट महाग आहे, असंही कधी निघतं.

दुसरी गोष्ट, चाचणी नेमकी काय मोजते. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या सरकारी नोंदवहीत चाचणीचं पान उघडा. मुख्य मोजमाप कोणतं, रुग्ण किती, तुलनेला गट आहे की नाही, मुख्य मोजमापाची शेवटची तारीख कोणती, हे लिहून घ्या. मग त्याच पानावर नोंदीचा इतिहास पाहा. आधीच्या आवृत्त्या तिथे जपलेल्या असतात. चाचणी सुरू झाल्यावर मुख्य मोजमाप बदललं असेल, रुग्णांची संख्या घटली असेल किंवा तारीख वर्षभर पुढे गेली असेल, तर ते तिथे दिसतं. या कामाला दहा मिनिटं लागतात आणि पैसे लागत नाहीत.

तिसरी गोष्ट माझ्या आवडीची. अमेरिकी बाजार नियामकाच्या एडगर या संग्रहात कंपनीच्या मागच्या जानेवारीतल्या सादरीकरणाची प्रत बऱ्याचदा आठ-के अर्जाला (मोठ्या घडामोडी कळवायच्या अर्जाला) जोडलेली सापडते. ती आणि आताची प्रत शेजारी शेजारी ठेवा. मागच्या वर्षी ‘पहिल्या सहामाहीत निकाल’ असं लिहिलं होतं, आता ‘वर्षाच्या मध्याला’ आहे का? औषधांच्या तक्त्यावर (एका औषधाची एक पट्टी) तेव्हा पाच पट्ट्या होत्या, आता चार आहेत का? गेली ती पट्टी कुठे गेली? हा तक्ता म्हणजे लग्नाचा बायोडेटा असतो. त्यात खोटं क्वचितच असतं, पण काय लिहिलं नाही यावरच स्थळ ठरतं. एखादी पट्टी गाजावाजा न करता गळाली आणि कुठल्याच प्रसिद्धिपत्रकात तिचा उल्लेख नसेल, तर माझ्या यादीतलं ते नाव तिथेच डळमळतं.

या पानाच्या तळाशी एक ओळ लिहा: ‘सभेत अमुक ऐकलं तर हे नाव खोडेन.’ आधीच लिहून ठेवा. प्रमुख बोलका आणि लाघवी निघाला की नंतर अशी ओळ लिहिणं जड जातं.

सभेत ऐकायचं कसं

सादरीकरणाला साधारण चाळीस मिनिटं मिळतात, आणि त्यातच प्रश्नोत्तरं धरलेली असतात. पहिली स्लाइड भविष्याबद्दलच्या विधानांच्या इशाऱ्याची. १९९५ च्या कायद्याने अशा विधानांना काही संरक्षण मिळतं, म्हणून ती प्रत्येकाकडे असते, आणि सगळेच ती ओलांडतात. पुढच्या सात-आठ स्लाइड बहुधा बाजार किती मोठा आणि रुग्ण किती हतबल याच्या असतात. तेवढ्यात चहा घेऊन या.

आकडे येतात तेव्हा कान टवकारा. ‘सांख्यिकीयदृष्ट्या लक्षणीय’ (म्हणजे नुसता योगायोग वाटत नाही) असं म्हणत असतील तर ते मुख्य मोजमापाबद्दल म्हणतायत की नंतर काढलेल्या उपगटाबद्दल? निकाल हाती आल्यावर शोधलेल्या उपगटात काहीतरी चांगलं सापडतंच, शोधणारा चिकाटीचा असेल तर. तुलनेचा गटच नसेल आणि ‘पूर्वीच्या रुग्णांशी तुलना केली तर’ असं वाक्य आलं, तर पानावर मोठं प्रश्नचिन्ह काढा.

सोमवारी सकाळी दोन प्रकारच्या बातम्या एकदम येतात. औषध विकत असलेल्या कंपन्या चौथ्या तिमाहीच्या विक्रीचे प्राथमिक, लेखापरीक्षण न झालेले आकडे जाहीर करतात. आणि मोठे सौदे. ७ जानेवारी २०१९ च्या सोमवारी एली लिलीने लोक्सो ऑन्कॉलॉजी सुमारे ८ अब्ज डॉलरला घ्यायचं जाहीर केलं, १३ जानेवारी २०२५ च्या सोमवारी जॉन्सन अँड जॉन्सनने इन्ट्रा-सेल्युलर १४.६ अब्जांना. अशा बातमीनंतर त्याच क्षेत्रातले बाकीचे शेअरही ‘आता पुढचा नंबर यांचा’ म्हणून वर जातात. त्या लाटेत विकत घेणं हा आठवड्यातला सगळ्यात महागडा मोह आहे.

चेहरे वाचायच्या भानगडीत पडू नका. प्रमुख थकलेला दिसला तर तो खरंच थकलेला असतो. दिवसभर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या बैठका करून त्याची अवस्था दिवाळीच्या आधीच्या कापडदुकानदारासारखी झालेली असते. त्यातून औषधाबद्दल काही कळत नाही.

प्रश्न विचारायची संधी मिळाली तर

‘डेटा कसा दिसतोय?’ हा प्रश्न विचारूच नका. कंपनीच्या माणसाला त्याचं उत्तर देता येत नाही, आणि तो देऊ लागला तर तुम्हीच अडचणीत याल. योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारा. वित्तप्रमुखाला पैशाचं, वैद्यकीय प्रमुखाला चाचणीचं.

वैद्यकीय प्रमुखासाठी माझा आवडता प्रश्न: चाचणीत किती रुग्ण घ्यायचे हे ठरवताना प्लासिबो गटात (औषध म्हणून नुसती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत) किती सुधारणा धरली होती? उत्तर आकड्यात आलं तर चाचणी विचारपूर्वक आखली आहे असं समजायला हरकत नाही. नैराश्य किंवा वेदनांच्या औषधांमध्ये हा प्रश्न फार मोलाचा, कारण तिथे प्लासिबोनेही माणसं बरी होतात. दुसरा प्रश्न: हा परिणाम मिळाला तर डॉक्टर आज देत असलेलं औषध थांबवून तुमचं देतील का, आणि तसं का वाटतं? तिसरा: औषध कोण बनवतं आणि दुसरा पुरवठादार आहे का? कारखान्यातल्या त्रुटींमुळेही मंजुरी अडकते, आणि भागधारक या बाजूकडे बघतच नाहीत.

वित्तप्रमुखाला विचारा: ‘पैसा अमुक तारखेपर्यंत पुरेल’ या विधानात तिसऱ्या टप्प्याचा पूर्ण खर्च धरला आहे की फक्त सुरुवातीचा?

वेळेत हात वर करणं जमलं नाही, तर कंपनीच्या गुंतवणूकदार संपर्क विभागाला ईमेल करा. परिषदेच्या आठवड्यात नको, त्यानंतरच्या आठवड्यात. मी अमुक इतक्या दिवसांपासूनचा वैयक्तिक भागधारक आहे, माझे दोन प्रश्न आहेत, असं सरळ लिहा. दोनच प्रश्न, आणि त्यांची उत्तरं अहवालात नाहीत याची खात्री करून. उत्तर दरवेळी येत नाही. पण आलंच, तर बरेचदा त्या सभेतल्या चाळीस मिनिटांपेक्षा उपयोगी असतं.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. हॉटेलच्या लॉबीत, लिफ्टमध्ये, बारमध्ये लोक मोठ्याने बोलतात. न जाहीर झालेल्या सौद्याबद्दल कानावर पडलं तर त्यावर व्यवहार करू नका. घरातली व्यक्ती बायोटेकमध्ये नोकरी करत असेल तर तिच्या कंपनीचं शेअर-व्यवहारांचं धोरण आधी वाचा. ते बहुधा जोडीदारालाही लागू असतं, आणि कधीकधी ज्या कंपन्यांशी करार चालू आहेत त्यांच्या शेअरलाही.

प्रवास आणि मुक्काम

थोडक्यात. युनियन स्क्वेअरच्या आसपासच्या हॉटेलांचे भाव त्या आठवड्यात डोळे पांढरे करतात. विमानतळावरून बार्ट ही लोकल गाडी थेट पॉवेल स्ट्रीट स्थानकावर येते, अर्ध्या तासाचा रस्ता, तिथून हॉटेल चालत. त्यामुळे मिलब्रे किंवा ईस्ट बेमध्ये राहिलात तर काही बिघडत नाही. जानेवारी पावसाचा महिना आहे, छत्री आणि चालण्याजोगे बूट घ्या. भारतातून जाणार असाल तर अशा सभेसाठी बी-वन (व्यावसायिक भेटीचा) व्हिसा चालतो, पण मुलाखतीच्या रांगा पाहता काही महिने आधी विचार करावा लागेल. केवळ यासाठी भारतातून जाण्याइतकं तिथे काही नाही, असं मी म्हणेन.

पैसे लावण्याआधी

त्या आठवड्यात काहीच विकत घेऊ नका. सादरीकरण चांगलं झालं, शेअर वर गेला, की बाजार बंद झाल्यावर नव्या शेअरच्या विक्रीची घोषणा होण्याची शक्यता वाढते, आणि ती विक्री सहसा चालू भावापेक्षा कमी किमतीत होते. कंपनीने आधीच ‘शेल्फ’ नोंदणी (पुढे हवे तेव्हा शेअर विकता यावेत म्हणून आगाऊ केलेली) करून ठेवली असेल तर हे एका रात्रीत होतं.

किती पैसे लावायचे हे ठरवताना स्टॉप-लॉसवर (भाव ठरावीक पातळीखाली गेला की शेअर आपोआप विकायच्या सूचनेवर) विसंबू नका. चाचणीचा निकाल बाजार बंद असताना येतो आणि सकाळी शेअर थेट निम्म्या-चौथाई भावावर उघडतो. तुमची मर्यादा मध्ये कुठेच लागत नाही. बायोजेनसारख्या मोठ्या कंपनीचा शेअरसुद्धा २१ मार्च २०१९ रोजी, अल्झायमरवरच्या अड्युकॅनुमॅबच्या चाचण्या थांबवल्याच्या बातमीवर एका दिवसात जवळजवळ तीस टक्के पडला. पुढची कथा आणखी बोलकी आहे. ऑक्टोबरमध्ये कंपनीने औषध पुन्हा जिवंत केलं. नोव्हेंबर २०२० मध्ये एफडीए या अमेरिकी औषध नियामकाच्या सल्लागार समितीच्या बैठकीआधी कागदपत्रं जाहीर झाली. त्यातला सुरुवातीचा अनुकूल सूर वाचून शेअर उसळला. पण त्याच कागदपत्रांत पुढे एफडीएच्याच संख्याशास्त्रज्ञाचा कडक आक्षेप होता. काही दिवसांत समितीने विरोधी कौल दिला आणि शेअर कोसळला. जून २०२१ मध्ये एफडीएने तरीही मंजुरी दिली, आणि जानेवारी २०२४ मध्ये बायोजेनने ते औषध बंद करत असल्याचं सांगितलं. अशा समित्यांच्या बैठका इंटरनेटवर कुणालाही पाहता येतात आणि कागदपत्रं बैठकीच्या किमान दोन कामकाजी दिवस आधी मिळतात. ती शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस घरबसल्या खूप काही मिळवतो.

भारतात राहून अमेरिकी शेअर घेणाऱ्यांसाठी: रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या परदेशी पैसे पाठवायच्या योजनेत माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, आणि प्राप्तिकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेचं ‘शेड्यूल एफए’ भरावं लागतं, एकच शेअर असला तरी.

फेब्रुवारी-मार्चमधली फेरी

परिषद संपली की तुमची पानं फाइलमध्ये ठेवा आणि वार्षिक अहवालाची, म्हणजे दहा-केची, वाट पाहा. डिसेंबरला वर्ष संपणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो साठ दिवसांत द्यावा लागतो, छोट्यांना नव्वद दिवसांपर्यंत मुदत मिळते. म्हणजे मार्चअखेर सगळे हाती येतात. स्टेजवर जे म्हटलं ते तिथे वकिलांच्या भाषेत कसं उतरलंय ते बघा. रोख किती पुरेल ते वाक्य, ‘कंपनी चालू राहण्याबद्दल शंका’ ही नोंद, जोखमींच्या यादीत या वर्षी नव्याने शिरलेले परिच्छेद. मागच्या वर्षीच्या यादीशी ताडून पाहिलं की नवे परिच्छेद लगेच सापडतात. सहा-सात नावांपैकी एक किंवा दोन उरली तर आठवडा सार्थकी लागला. एकही उरलं नाही तर पैसे मुदत ठेवीत ठेवा आणि पुढची यादी मेमध्ये, एएससीओचे गोषवारे आले की करा.